लाल चौकटीतली कुपी

चातुर्मासाचे दिवस होते. सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून चौविहार करावयाचा म्हणून बाजारपेठेतील आपली मंडळी दुकाने थोडी लवकर आवरू लागतात, अशा वेळी शेजारच्या पेढीवरचे एक गृहस्थ माझ्या औषधांच्या दुकानात आले. दोन दिवसांचा ताप, डोळे लाल, चेहरा उतरलेला. म्हणाले, "भाऊ, ते एक ग्रॅमचे इंजेक्शन तीन दिवसांसाठी काढा, सोबत सुया आणि सलाईनची बाटलीही द्या. कंपाउंडर रात्री घरी येणार आहे. गुरुवारी गादीवर बसलेच पाहिजे, सणाचा माल यायचा आहे." डॉक्टरांची चिठ्ठी मागितली तेव्हा ते हसले. "गेल्या वर्षीची आहे ना घरी! ताप तोच, औषध तेच."

मी कुपी दिली नाही. तीस वर्षांचा शेजार असल्यामुळे त्यांना ते लागले. काही न बोलता ते उतरून गेले. गल्ल्यावर बसलेल्या माझ्या मुलाच्या चेहऱ्यावरही नाराजी दिसली. गिऱ्हाईक परत पाठवू नये, हे आपल्या घरांत बालपणापासून शिकविले जाते. तरीही मी नकार का दिला, याचे कारण माझ्याच घरात घडलेले आहे. ते पुढे सांगतोच. त्याआधी ही कुपी म्हणजे नेमके काय, हे समजून घेणे इष्ट ठरेल. कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी ती कधी ना कधी आलेली आहे, आणि तिच्यावर काय लिहिले आहे हे फार थोड्यांनी वाचले आहे.

या औषधाचे नाव सेफ्ट्रायॅक्सोन. पांढरट-पिवळसर भुकटीच्या रूपात ते काचेच्या कुपीत येते. निरनिराळ्या कंपन्यांची निरनिराळी नावे त्यावर असतात, म्हणून गिऱ्हाईक 'ते एक ग्रॅमवाले' असेच मागते. ज्या कुळात हे औषध मोडते त्या कुळाचा जन्म समुद्रकिनाऱ्यावरील सांडपाण्यात झाला. इटलीच्या सार्डिनिया बेटावर काल्यारी हे शहर आहे. तेथील विद्यापीठात जुझेप्पे ब्रोत्झू हे आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक होते. शहराचे मैलापाणी जेथे समुद्राला मिळत असे तेथील पाण्यात विषमज्वराचे जंतू पुष्कळ असावयास हवे होते. परंतु ते पाणी आपोआप शुद्ध होत असल्यासारखे त्यांना दिसे. १९४५ साली त्यांनी त्या पाण्यातून एक बुरशी वेगळी केली. तिच्यातून पाझरणारा पदार्थ जंतूंना मारत होता. साधने अपुरी होती, म्हणून त्यांनी ती बुरशी इंग्लंडला ऑक्सफर्ड येथे पाठविली. तेथे एडवर्ड अब्राहम आणि गाय न्यूटन यांनी १९५०नंतरच्या दशकात तिच्यातून सेफॅलोस्पोरिन सी हे द्रव्य वेगळे केले. त्याच मूळ द्रव्यावर संस्कार करत करत पुढची औषधे तयार झाली. सेफ्ट्रायॅक्सोन हे त्यांतील तिसऱ्या पिढीचे. स्वित्झर्लंडच्या रोश कंपनीने ते १९८०च्या सुमारास सिद्ध केले. आज ते जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि आपल्या देशाच्याही अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

त्याच्या यशाचे कारण व्यापाऱ्याला चटकन उमजेल असे आहे. याच कुळातील बरीच इंजेक्शने दिवसातून दोन, तीन किंवा चार वेळा द्यावी लागतात. हे औषध मात्र रक्तात दीर्घकाळ टिकते. निम्मे औषध शरीराबाहेर पडण्यास साधारण आठ तास लागतात. म्हणून बहुतेक आजारांत दिवसातून एकदा दिले तरी भागते. मेंदूच्या आवरणाचा दाह, तीव्र न्यूमोनिया, मूत्रपिंडापर्यंत चढलेला मूत्रमार्गाचा संसर्ग, विषमज्वर, रक्तात पसरलेले जंतू अशा प्राणावर बेतणाऱ्या आजारांत त्याने असंख्य माणसे वाचविली आहेत. या औषधाविषयी माझ्या मनात आदरच आहे, हे आधी नमूद करतो. पण एकदाच टोचून काम भागते या सोयीमुळेच ते रुग्णालयातून निघून घरोघरच्या पलंगापाशी येऊन पोहोचले.

आता माझ्या घरची गोष्ट.

माझे काका कापडाच्या व्यापारात होते. काही वर्षांपूर्वी त्यांना बारीक ताप येऊ लागला. दिवसा बरे वाटे, रात्री कणकण आणि घाम. त्यांनी मला दूरध्वनी केला आणि मी, पुतण्या आणि औषधविक्रेता या दोन्ही नात्यांच्या अधिकाराने, तीन कुप्या घरी पाठवून दिल्या. डॉक्टरांना विचारले नाही. तीन दिवसांत ताप गेला. काकूंनी मला आशीर्वाद दिले. आठ दिवसांनी ताप परत आला, मी पुन्हा तीन कुप्या पाठविल्या, ताप पुन्हा गेला. तिसऱ्या खेपेस काकांना जिना चढताना धाप लागू लागली. तेव्हा कुठे आम्ही त्यांना शहरातील मोठ्या रुग्णालयात नेले.

तेथील डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला: आजवर कोणती औषधे दिली? मी सांगितले. त्यांनी मान हलविली. रागावले नाहीत, हेच मला अधिक लागले. रक्तात कोणते जंतू आहेत हे पाहण्यासाठी रक्ताचे कल्चर करतात; रक्त पोषक द्रवात ठेवून जंतू वाढतात का हे पाहिले जाते. परंतु आधीच प्रतिजैविक टोचलेले असेल तर जंतू अर्धमेले असतात आणि बाटलीत वाढत नाहीत. ते मेलेले नसतात, फक्त दिसेनासे होतात. काकांचा अहवाल निर्दोष आला. शेवटी काही दिवस सर्व प्रतिजैविके बंद ठेवून, डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवून, पुन्हा पुन्हा रक्त घ्यावे लागले. ते दिवस आमच्या घराने कसे काढले हे मी लिहू शकत नाही. मग उलगडा झाला. लहानपणीच्या सांधेज्वराने काकांच्या हृदयाची एक झडप आधीच दुबळी झालेली होती. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी दाढ काढून घेतली होती. त्या वेळी तोंडातील जंतू रक्तात उतरले आणि त्या झडपेवर जाऊन बसले. माझ्या सहा कुप्यांनी ते दबले, मेले नाहीत, आणि त्या अवधीत झडप आणखी झिजली.

यातील विलक्षण भाग असा की, पुढे त्यांना बरे केले ते याच औषधाने. रोज दोन ग्रॅम, शिरेतून, सलग चार आठवडे, हृदयाच्या सोनोग्राफीवर लक्ष ठेवून. कुपी तीच, भुकटी तीच. फरक इतकाच की या वेळी जंतूचे नाव ठाऊक होते, मात्रा आणि मुदत ठरलेली होती, आणि ठरविणारा मी नव्हतो.

तीन दिवसांत ताप उतरला म्हणजे औषध लागू पडले, असा आपला हिशेब असतो. पण ताप हा जमाखर्चातील एक आकडा आहे, ताळेबंद नव्हे. शिवाय पुष्कळ ताप विषाणूंमुळे येतात: साधा फ्लू, डेंग्यू, चिकुनगुन्या. हे औषध जंतूंच्या पेशीभोवतीची भिंत बांधू देत नाही, त्यामुळे जंतू मरतात. विषाणूंना अशी भिंतच नसते; मग औषधाने पाडावयाचे काय? असे ताप आपल्या मुदतीने उतरतात, आणि उतरण्याचे श्रेय मात्र सुई टोचणाऱ्याला मिळते. डेंग्यूत तर खरी काळजी ताप उतरण्याच्या सुमारासच घ्यावयाची असते. त्या वेळी इंजेक्शनवर भरवसा ठेवून माणूस दुकानात जाऊन बसला तर अनर्थ ओढवू शकतो.

आता ज्यांना हे इंजेक्शन खरोखरच लिहून दिलेले आहे, त्यांच्याविषयी. पहिली आणि सर्वांत महत्त्वाची बाब ॲलर्जीची. पेनिसिलिन आणि हे औषध यांच्या रचनेत साम्य आहे. पेनिसिलिनने पूर्वी अंगावर गांधी उठल्या असतील, ओठ-जीभ सुजली असेल, श्वास कोंडला असेल किंवा शुद्ध हरपली असेल, तर ते डॉक्टरांना न विचारताही सांगितले पाहिजे. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या प्रत्येकालाच याचा त्रास होतो असे नाही, किंबहुना बहुतेकांना होत नाही. परंतु तो निर्णय डॉक्टरांचा आहे. आपल्याकडे आधी हातावर थोडेसे टोचून पाहण्याची प्रथा आहे. ती जागा लाल झाली नाही म्हणजे धोका टळला, असे मानता येत नाही. तीव्र प्रतिक्रिया काही मिनिटांत येते आणि त्या वेळी ॲड्रिनलिनचे इंजेक्शन, प्राणवायू आणि ते देणारी जाणती माणसे जवळ असावी लागतात. म्हणून निदान पहिली मात्रा तरी दवाखान्यात किंवा रुग्णालयात घ्यावी आणि नंतर अर्धा तास तेथेच बसावे. घरच्या दिवाणखान्यात, रात्री दहा वाजता, एकटा कंपाउंडर ही जागा त्यासाठी नव्हे.

दुसरी बाब कुपीबरोबरच्या पाण्याची. ही भुकटी शिरेतून द्यावयाची असेल तेव्हा निर्जंतुक पाण्यात विरघळवितात. स्नायूत द्यावयाची असेल तर टोचताना फार दुखते, म्हणून ती लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या द्रवात विरघळविण्याची रीत आहे. लिग्नोकेनमध्ये कालवलेले हे औषध शिरेत मुळीच देता येत नाही. त्याने हृदयाची लय बिघडू शकते. कंबरेत द्यावयाची सिद्धता चुकून हाताच्या शिरेत गेली, अशा चुका घाईतच होतात. शिरेतून देतानाही ते सावकाश, काही मिनिटे घेऊन द्यावयाचे असते, आणि सलाईनमधून दिल्यास सुमारे अर्ध्या तासात.

सलाईन या शब्दाशी थोडे थांबतो. आपल्या लेखी सर्व बाटल्या सलाईनच. परंतु रिंगर लॅक्टेट या बाटलीत कॅल्शियम असते आणि सेफ्ट्रायॅक्सोनची कॅल्शियमशी गाठ पडली की न विरघळणारे बारीक कण तयार होतात. नवजात बालकांच्या फुप्फुसांत आणि मूत्रपिंडांत असे कण साचून मृत्यू ओढवल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. म्हणून हे औषध त्या बाटलीत मिसळावयाचे नाही आणि मोठ्या माणसालाही एकाच नळीतून दोन्ही एकदम द्यावयाचे नाहीत. नवजात बाळाला कॅल्शियम चालू असेल किंवा कावीळ असेल तर हे औषध वर्ज्यच आहे, कारण ते कावीळ अधिक घातक करू शकते. माझ्या दुकानात त्या सायंकाळी 'सलाईनची बाटलीही द्या' असे म्हटले गेले, तेव्हा कोणती, हे मागणाऱ्याला ठाऊक नव्हते.

आपल्या घरांशी विशेष संबंध असलेली एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. या औषधाचा बराच भाग पित्तावाटे बाहेर पडतो आणि पित्ताशयात त्याचा गाळ साचू शकतो. सोनोग्राफीत तो खड्यांसारखा दिसतो. औषध थांबविल्यावर बहुधा आपोआप नाहीसा होतो. परंतु माणूस दीर्घकाळ निराहार असेल तर पित्ताशय रिकामे होत नाही, पित्त साचून राहते आणि असा गाळ होण्याची शक्यता वाढते. अठ्ठाई किंवा त्याहून मोठी तपश्चर्या चालू असताना, अथवा नुकतेच पारणे झालेले असताना हे इंजेक्शन घेण्याचा प्रसंग आला, तर उपवासाची गोष्ट डॉक्टरांना स्पष्ट सांगावी. ते पाण्याचे प्रमाण पाहतील, मूत्रपिंडांची तपासणी करतील, कदाचित दुसरे औषध निवडतील. तपश्चर्येत इंजेक्शन घेतलेले चालते की नाही, हा प्रश्न साधुसाध्वींना विचारावयाचा. शरीराला काय झेपेल हा डॉक्टरांना. दोन्ही ठिकाणी पूर्ण खरे सांगावे, एवढेच मी म्हणेन.

याच संदर्भात आणखी एक. कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते, म्हणून आपल्यातील अनेक जण "कॅप्सूल नको, इंजेक्शनच द्या" असा आग्रह धरतात. भावना मला मान्य आहे, माझी स्वतःचीही तीच आहे. पण त्यासाठी सुईकडे वळण्याचे कारण नाही. बहुतेक प्रतिजैविके गोळीच्या किंवा पातळ औषधाच्या रूपात मिळतात आणि वनस्पतिजन्य आवरणाच्या कॅप्सूलही आता येतात. औषधविक्रेत्याला विचारा, ते शोधून देणे हे त्याचे काम आहे. सेफ्ट्रायॅक्सोन मात्र तोंडावाटे घेतल्यास अंगात मुरत नाही, म्हणून त्याची गोळी नाही. रुग्ण सावरू लागला की डॉक्टर इंजेक्शन थांबवून दुसऱ्या औषधाची गोळी सुरू करतात. त्या वेळी "इलाज हलका केला" अशी तक्रार नातेवाईक करतात. ती व्यर्थ आहे. शिरेतली नळी जितकी लवकर निघेल तितके चांगले. तीही जंतूंना आत येण्याची एक वाटच असते.

वॉरफॅरिनसारखे रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असेल, यकृत किंवा मूत्रपिंडाचा जुना विकार असेल, तर तेही सांगावे. इंजेक्शने चालू असताना, किंवा संपून काही आठवडे झाल्यावरही, वारंवार पातळ जुलाब होऊ लागले, त्यात रक्त किंवा ताप असला, तर घरातली जुलाब थांबविणारी गोळी घेऊ नये, डॉक्टरांकडे जावे. आतड्यातील उपकारक जंतू मेल्यामुळे एक घातक जंतू तेथे माजतो, त्याचे ते लक्षण असू शकते. आणि एका इंजेक्शनचे नियम दुसऱ्याला लावू नयेत. अमिकासिन, जेंटामायसिन यांचे स्वरूप अगदी निराळे. त्यांत मूत्रपिंड आणि कान यांना जपावे लागते.

घरी परिचारिका येऊन पुढील मात्रा देत असेल, तर कुपीवरील नाव, मात्रा आणि मुदतीची तारीख घरच्या माणसानेही वाचावी. सुई आणि सिरिंज आपल्या समोर नवी फोडलेली असावी. विरघळविल्यावर द्रव फिकट पिवळा ते थोडा तांबूस दिसतो, ते ठीक. गढूळ दिसला किंवा कण दिसले तर देऊ नये. अर्धी कुपी उरली तर 'उद्याला होईल' म्हणून ठेवू नये. आपण कापडाचा कटपीसही वाया जाऊ देत नाही, पण येथे ती काटकसर उपयोगाची नाही. वापरलेल्या सुया पुठ्ठ्याच्या खोक्यात किंवा केराच्या पिशवीत टाकू नयेत; घंटागाडीवरील माणसांच्या हातांत त्या घुसतात. जाड प्लास्टिकच्या डब्यात साठवून दवाखान्यात परत द्याव्यात.

आता कुपीवरील लाल चौकटीविषयी. १ मार्च २०१४ पासून आपल्या देशात एच-१ ही अनुसूची लागू झाली. सेफ्ट्रायॅक्सोन तीत आहे. चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही आणि विकल्यावर डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपून ठेवावी लागते. आमच्या धंद्यातील पुष्कळांना हा जाच वाटतो; मलाही वाटत होता. वही न लिहिता विकणारे दुकान दोन गल्ल्या पलीकडे आहेच, मग मी का लिहू, हा प्रश्न खोटा नाही. पण ज्याच्या घरी रोजमेळ चुकला तर रात्री झोप लागत नाही, त्याला ही वही अवघड जाऊ नये.

या वहीमागचे कारणही ठोस आहे. २०१६ पासून पाकिस्तानातील सिंध प्रांतात, हैदराबाद शहरापासून, विषमज्वराची एक साथ पसरली. तिच्या जंतूंवर जुन्या औषधांबरोबर सेफ्ट्रायॅक्सोनही चालेना. तोंडाने घ्यावयाचे एक औषध आणि शिरेतून द्यावयाचे एक महागडे औषध, एवढीच शस्त्रे उरली. आपल्याकडे विषमज्वरावर हे इंजेक्शन अद्याप उपयोगी पडते. मूत्रमार्गाच्या संसर्गाची कथा मात्र वेगळी आहे. ई. कोलाय या जंतूंपैकी पुष्कळांनी हे औषध फोडून टाकणारा पदार्थ तयार करण्याची कला साधली आहे आणि आपल्या रुग्णालयांत तसे जंतू नित्य सापडतात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिजैविकांचे तीन गट पाडले आहेत: सहज वापरावयाची, जपून वापरावयाची आणि राखीव. हे दुसऱ्या गटात आहे.

ते शेजारचे गृहस्थ दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या मुलासह पुन्हा आले. रात्री कंपाउंडर आला होता, पण औषधच नसल्याने परत गेला. त्यांच्या सौभाग्यवतींनी हट्टाने त्यांना डॉक्टरांकडे नेले होते. हातात चिठ्ठी होती; तीत तापाची साधी गोळी, भरपूर पाणी, रोज रक्तातील प्लेटलेटची तपासणी, आणि खाली ठळक अक्षरांत 'डेंग्यू'. मी गोळ्या बांधून दिल्या. ते गुरुवारी गादीवर बसू शकले नाहीत. माल मुलाने उतरवून घेतला आणि त्यातली दोन पोती कमी आली, हे ते आजही मला ऐकवतात.